पिनबॉल मशीनचे बल्ब सारखे का जातात आणि बदली बल्ब कोणता घ्यावा

जुने पिनबॉल मशीन, म्हणजे उतरत्या फळीवर पोलादी चेंडू खेळवायचे यंत्र, दुरुस्तीला आले की तक्रारींच्या यादीत दिवे हमखास असतात. नवे बल्ब घातले, चार दिवस मशीन लखलखले आणि मग पुन्हा एकेक बल्ब जाऊ लागला. किंवा बल्ब बसला पण मिणमिणतच राहिला. किंवा दहा-बारा बल्ब एकदम बदलले आणि त्याच रात्री फ्यूज उडाला. साताऱ्यात या मशीनच्या सुट्या भागांचे वेगळे दुकान नाही. त्यामुळे मालक गेलेला बल्ब खिशात घालून पोवई नाक्याकडच्या एखाद्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानात जातो, तो काउंटरवर ठेवतो आणि ‘असाच द्या’ म्हणतो. दुकानदार बल्बचे बूड पाहतो, डब्यातून तसाच दुसरा काढून देतो आणि तो होल्डरमध्ये चपखल बसतोही. तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा याच व्यवहारात असते, कारण होल्डरमध्ये बसणे ही बल्बची फक्त पहिली परीक्षा आहे. दुसरी व्होल्टची, आणि तिसरी, जिच्याकडे जवळपास कोणीच पाहत नाही, ती अँपिअरची.

गेलेला बल्ब फेकण्यापूर्वी तो उजेडात धरून नीट पाहावा, कारण तो कशाने गेला हे काचेवर बरेचसे दिसते. काच आतून काळपट, आरशासारखी झाली असेल तर फिलामेंटचे टंगस्टन उडून काचेवर बसले आहे; बल्ब जुना असेल तर ते स्वाभाविक आहे, पण महिन्याभरापूर्वीच घातलेला बल्ब असा दिसत असेल तर त्याला व्होल्टेज जास्त मिळत आहे. काच स्वच्छ आणि फिलामेंट मधोमध तुटून लोंबत असेल तर धक्क्याने गेला असे समजावे. बंपर आणि स्लिंगशॉट, म्हणजे चेंडूला झटक्याने उडवणारे भाग, यांच्या शेजारचे बल्ब असेच जातात. आत पांढरी भुकटी दिसत असेल तर काचेला तडा जाऊन हवा शिरली आहे, म्हणजे बसवताना तो वाकडा दाबला गेला असणार. आणि फिलामेंट शाबूत असूनही बल्ब लागत नसेल, तर बल्बला दोष न देता होल्डरकडे वळावे.

आता मशीनमधील दिव्यांचे प्रकार. पहिला प्रकार सर्वसाधारण उजेडाचा, ज्याला कारागीर जीआय म्हणतात. मागच्या उभ्या पेटीतील चित्रकाच आणि प्लेफील्डवरचे, म्हणजे चेंडू फिरतो त्या फळीवरचे, प्लॅस्टिक उजळणारे हे बल्ब मशीन चालू असेपर्यंत जळत राहतात आणि त्यांना ट्रान्सफॉर्मरकडून थेट ६.३ व्होल्ट एसी मिळतो. दुसरा प्रकार खेळानुसार लागणाऱ्या-विझणाऱ्या दिव्यांचा, जे प्लेफील्डमध्ये बसवलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या तुकड्यांखाली, म्हणजे इन्सर्टखाली, असतात आणि सर्किट बोर्डावरून चालतात. तिसरा प्रकार फ्लॅशरचा, म्हणजे क्षणभर झगमगणारे मोठे बल्ब. ते साधारण १३ व्होल्टचे असतात. पहिल्या दोन प्रकारांसाठी बल्ब एकच चालतात, तिसऱ्याचा हिशेब स्वतंत्र आहे.

ही मशीन अमेरिकेत घडलेली असल्यामुळे बल्बचे क्रमांकही तिकडचेच आहेत. पितळी टोपण आणि दोन बारीक खुंट्या असलेला, दाबून फिरवायचा बल्ब ४४ किंवा ४७ क्रमांकाचा असतो. टोपण नसलेला, काचेचेच चपटे बूड असलेला, सरळ खोचायचा बल्ब ५५५ क्रमांकाचा असतो. आपल्याकडे ऑटोच्या दुकानात या ठेवणीला कॅपलेस म्हणतात. तिन्ही ६.३ व्होल्टचे आहेत. ४४ आणि ५५५ हे ०.२५ अँपिअर घेतात, ४७ मात्र ०.१५ अँपिअरच घेतो. वरून पाहता ४४ आणि ४७ यांच्यात फरक ओळखू येत नाही आणि दोघांचे सांगितलेले आयुष्यही ३,००० तासांच्या आसपास आहे. पण जीआयच्या लाइनवर ४० बल्ब धरले तर ४४ क्रमांकाचे मिळून १० अँपिअर ओढतात आणि ४७ क्रमांकाचे ६ अँपिअर. हा चार अँपिअरचा फरक बोर्डावरच्या कनेक्टरच्या पिनांमधून जातो. ज्या मशीनमध्ये हा कनेक्टर तपकिरी होऊन त्याचे प्लॅस्टिक भाजल्यासारखे ठिसूळ झाले आहे, तिथे आधी कनेक्टरची पिन आणि घर दोन्ही बदलावेत आणि मग ४७ क्रमांकाचेच बल्ब घालावेत. उजेड थोडा कमी पडतो, पण तो कमी-जास्त शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय डोळ्यांना फारसा जाणवत नाही. शिवाय चित्रकाचेच्या मागचा रंग उष्णतेने सुटून पापुद्रे धरतो, आणि एकदा सुटलेला रंग परत चिकटवता येत नाही; त्या पेटीत तर ४४ घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानात बदली म्हणून काय मिळते, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. ४४ आणि ४७ यांच्या टोपणाला तांत्रिक भाषेत बीए९एस म्हणतात आणि हेच टोपण गाड्यांच्या पार्किंग बल्बला असते. पार्किंगचा बल्ब १२ व्होल्ट ४ वॅटचा असतो. तो ६.३ व्होल्टवर लावला तर तांबूस मिणमिणतो, आणि मालकाला वाटते की मशीनचा ट्रान्सफॉर्मर गेला. जुन्या ६ व्होल्टच्या स्कूटर-मोटारसायकलींसाठीचा ६ व्होल्ट ४ वॅटचा बल्ब याहून फसवा, कारण तो छान पेटतो. ४ वॅटला ६ व्होल्टने भागल्यास ०.६७ अँपिअर येतात, म्हणजे ४४ क्रमांकाच्या अडीचपटीहून अधिक. एखादा बल्ब खपून जातो. दहा घातले की फ्यूज उडतो, आणि मग कोणीतरी फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळतो. फ्यूजच्या जागी तार म्हणजे पुढच्या वेळी जळायचा मान कनेक्टरला किंवा ट्रान्सफॉर्मरला देणे होय; मशीनवर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घालावा, त्याहून एकही अँपिअर जास्त नको.

कॅपलेस बल्बचीही हीच गत आहे. ५५५ च्या जागी गाडीचा १२ व्होल्ट ५ वॅटचा कॅपलेस बल्ब अगदी अचूक बसतो आणि ६.३ व्होल्टवर निम्म्याहून कितीतरी कमी उजेड देतो. येथे आकाराच्या नावानेही गोंधळ होतो. अमेरिकी पद्धतीत काचेची जाडी इंचाच्या आठव्या भागांत सांगतात, म्हणून मशीनच्या पुस्तिकेत हा बल्ब टी सव्वातीन म्हणून सापडतो. गाड्यांच्या बाजारात त्याच जाडीला मिलिमीटरमध्ये टी१० म्हणतात. दोन्ही म्हणजे साधारण दहा मिलिमीटरचीच काच. त्यामुळे टी१० लिहिलेले पाकीट हातात आले म्हणून ते परत करण्याचे कारण नाही, पण त्यावर ६ व्होल्ट लिहिलेले नसेल तर घेण्याचेही कारण नाही.

ऑटोच्या दुकानापेक्षा एमआयडीसीला माल पुरवणारी, कंट्रोल पॅनेलचे सामान विकणारी दुकाने या कामाला अधिक उपयोगी आहेत. सातारा एमआयडीसी काय किंवा सांगलीजवळची कुपवाड आणि मिरज एमआयडीसी काय, जुन्या पॅनेलवरच्या ट्रान्सफॉर्मर पद्धतीच्या इंडिकेटरमध्ये ६ व्होल्टच्या आसपासचे बीए९एस बल्ब वापरलेले आढळतात. मात्र त्याच डब्यात २४, ११० आणि २४० व्होल्टचे, दिसायला तसेच बल्ब ठेवलेले असतात, म्हणून टोपणाच्या कडेवर कोरलेली बारीक अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शक्य असल्यास ४७ क्रमांकाचे बल्ब बाहेरून एकगठ्ठा मागवून ठेवणे सर्वांत बिनघोर आहे.

कोरलेले काहीच नसेल, किंवा पुसले गेले असेल, तर बल्ब मोजून घेता येतो. इमर्जन्सी लाइटमध्ये असते ती ६ व्होल्टची सीलबंद बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यावी. तिचे व्होल्टेज ६.४ च्या जवळ असते, म्हणजे आपल्या कामापुरते बरोबर. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून मीटर बल्बशी एकसर जोडणीत लावावा. एक वायर टोपणाच्या पितळी अंगाला आणि दुसरी बुडाच्या शिशाच्या ठिपक्याला टेकवली की बल्ब पेटतो आणि मीटर आकडा दाखवतो. ०.१५ च्या आसपास आला तर तो ४७ च्या जातीचा, ०.२५ आला तर ४४ च्या, आणि ०.६ च्या पुढे गेला तर तो स्कूटरसाठी ठेवून द्यावा. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीने पुढची बरीच डोकेदुखी वाचते. मोजणी झाली की मीटरची लाल पिन परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालायला विसरू नये, कारण पुढची मोजणी व्होल्टची आहे.

योग्य बल्ब घालूनही ते महिना-दोन महिन्यांत जात असतील तर मशीनमधील व्होल्टेज पाहावे. मशीन चालू ठेवून, सर्व जीआय बल्ब पेटलेले असताना, एखाद्या होल्डरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसीवर लावावा. ६ ते ६.५ च्या दरम्यान आकडा असेल तर चिंता नाही. ५.५ च्या खाली असेल तर वाटेत कुठेतरी कनेक्टर किंवा फ्यूजची क्लिप गरम होऊन व्होल्टेज खात आहे. ६.८ च्या वर असेल तर बल्ब लवकर जाण्याचे कारण सापडले.

हे जास्तीचे व्होल्टेज येते कुठून? या मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला पुरवठ्याच्या बाजूने अनेक टॅपिंग, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजसाठीची जोडणीची टोके, असतात, ११५ पासून २४० पर्यंत, आणि मशीन ज्या देशात जायचे त्याप्रमाणे ती जोडलेली असतात. २२० च्या टॅपिंगवर जोडलेले मशीन आपल्याकडे रात्री उशिरा, परिसरातला लोड उतरल्यावर, २४५ व्होल्टवर चालले तर ६.३ च्या जागी ७ व्होल्ट येतात. फरक दिसायला किरकोळ आहे, पण फिलामेंटचे आयुष्य व्होल्टेजच्या बाराव्या-तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, असा सर्वमान्य नियम आहे; पाच टक्के व्होल्टेज वाढले तरी आयुष्य जवळपास निम्मे होते आणि अकरा टक्के वाढले तर पावभर उरते. ३,००० तासांचा बल्ब मग साडेसातशे तासांत जातो, आणि दिवसाला दहा तास चालणाऱ्या मशीनमध्ये ते अडीच महिने होतात. म्हणून संध्याकाळी सातच्या सुमारास आणि रात्री अकरानंतर, दोन्ही वेळी भिंतीवरच्या प्लगमधील व्होल्टेज मोजावे आणि मोठ्या आकड्याला जवळचे टॅपिंग निवडावे. टॅपिंग बदलताना प्लग भिंतीतून काढलेला असलाच पाहिजे. मशीनचा स्विच बंद असला तरी ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे २३० व्होल्ट जिवंत असतात.

बोर्डावरून चालणाऱ्या दिव्यांत व्होल्टेज मोजताना मात्र मीटर गोंधळात पाडतो. विल्यम्स कंपनीच्या १९७७ नंतरच्या मशीनमध्ये ६४ दिवे आठ ओळी आणि आठ स्तंभांच्या जाळ्यात बांधलेले असतात. प्रत्येक स्तंभाला १८ व्होल्ट मिळतात, पण आठ हिश्श्यांपैकी एकच हिस्सा वेळ, त्यामुळे फिलामेंटच्या दृष्टीने परिणाम ६.३ व्होल्टइतकाच होतो. १८ चा आकडा पाहून कोणी १२ किंवा २४ व्होल्टचा बल्ब घालू नये. या जाळ्यात एखाद्या स्तंभाचे सगळे दिवे इतरांपेक्षा प्रखर दिसत असतील आणि तेच पुन:पुन्हा जात असतील तर त्या स्तंभाचा ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे आणि १८ व्होल्ट अखंड मिळत आहेत. तो बदलेपर्यंत तिथे नवा बल्ब घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. एक दिवा लावला की दुसराही भलतीकडे लागत असेल तर होल्डरवरचा डायोड शॉर्ट आहे. तिथे १एन४००४ हा सर्वत्र मिळणारा डायोड चालतो, फक्त पट्टीची बाजू जुन्याप्रमाणेच ठेवावी.

आता होल्डर. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात, महाबळेश्वराच्या बाजूला, वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे चार महिने बंद ठेवलेले मशीन सुरू केले की निम्मे दिवे लुकलुकतात. सांगलीत कृष्णेच्या पुराचे पाणी, २०१९ सारखे, ज्या तळमजल्यांत शिरले तिथल्या मशीनची अवस्था याहून वाईट होते. अशा वेळी मालक सगळे बल्ब बदलतो, आणि काही दिवे लागतातही, कारण काढ-घाल करताना गंज थोडा घासला जातो. पंधरवड्यात पुन्हा तीच कथा सुरू होते. पाहणी अशी करावी: बल्ब बोटाने हलकेच हलवला असता दिवा लागत-विझत असेल तर बल्ब काढून त्याच्या बुडाचा शिशाचा ठिपका पाहावा. तो चकचकीत आणि गोलसर असायला हवा; राखाडी, खड्डा पडलेला आणि चपटा असेल तर बारीक पॉलिश पेपरवर दोनदा फिरवावा. होल्डरच्या आतली पितळेची जीभ खाली बसली असेल तर लाकडी काडीने वर उचलावी. इतके करूनही लुकलुक थांबली नाही तर दोष होल्डरच्या रिव्हेटच्या सांध्यात आहे, जिथे पत्रा आणि कान नुसते दाबून जोडलेले असतात. त्या सांध्यावर पक्के डाख देऊन छोटी तार ओलांडून जोडली की तो होल्डर आणखी काही वर्षे निघतो. तारेचा घासणीचा बोळा मात्र येथे आणूच नये. त्याचे केसाएवढे तुकडे प्लेफील्डखाली पडतात आणि कुठे शॉर्ट करतील याचा नेम नसतो.

एक लुकलुक मुद्दाम केलेलीही असते. ४५५ क्रमांकाच्या बल्बमध्ये द्विधातूची पट्टी असते आणि तो स्वतःच उघड-मीट करतो. जुन्या मशीनच्या चित्रकाचेमागे एक-दोन जागी असे बल्ब शोभेसाठी घातलेले असतात, तेव्हा दुरुस्तीपूर्वी पुस्तिका पाहावी.

बल्ब काढताना काच हातात फुटण्याची भीती असते, विशेषतः गंजलेल्या टोपणाच्या बाबतीत. दहा मिलिमीटर आतला व्यास असलेल्या मऊ रबरी नळीचा बोटभर तुकडा काचेवर चढवून दाबले आणि फिरवले तर पकड चांगली बसते आणि अरुंद जागेतही हात पोहोचतो.

एलईडी घालावेत का, हा प्रश्न हल्ली पहिल्या वाक्यातच येतो. बंपरशेजारी, जिथे धक्क्याने फिलामेंट तुटते, तिथे आणि चित्रकाचेमागे, जिथे उष्णतेची भीती आहे, तिथे एलईडी जरूर घालावेत. इतरत्र घाई नको. गाडीचा १२ व्होल्टचा एलईडी ६.३ व्होल्टवर बहुधा पेटतच नाही. पाकिटावर ६ किंवा ६.३ व्होल्ट एसी-डीसी असे लिहिलेलाच घ्यावा. आत ब्रिज, म्हणजे एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरणारी डायोडची जोडणी, नसलेला साधा एलईडी एसीच्या अर्ध्याच लाटेवर पेटतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला ५० वेळा, आणि पळत्या चेंडूकडे पाहताना ती थरथर डोळ्यांना चांगलीच जाणवते. अमेरिकेत ६० हर्ट्झवर ती थोडी कमी दिसते, त्यामुळे तिकडच्या लोकांनी चालवून घेतलेला माल आपल्याकडे खटकू शकतो. जाळ्यातील दिव्यांत विझलेला एलईडी मंद पेटलेला दिसणे हा आणखी एक उपद्रव आहे. त्यासाठी आत रोधक (रेझिस्टर) बसवलेले, ‘नॉन-घोस्टिंग’ म्हणून विकले जाणारे एलईडी मिळतात. बॅली कंपनीच्या १९७७ पासूनच्या मशीनमध्ये दिवे एससीआर या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतात आणि एससीआरला चालू राहण्यासाठी ठरावीक किमान प्रवाह लागतो. एलईडी तेवढा ओढत नाही म्हणून तो फडफडतो, आणि त्याला समांतर रोधक जोडावा लागतो. रंगाच्या बाबतीत लाल, पिवळ्या आणि नारिंगी इन्सर्टखाली पिवळसर पांढरा एलईडी घ्यावा. निळसर पांढऱ्याने लाल इन्सर्ट गुलाबी पडतो.

अर्धे एलईडी आणि अर्धे जुने बल्ब अशी सरमिसळ केल्यास एक गोष्ट घडते, जिची कल्पना सहसा नसते. एलईडीमुळे ट्रान्सफॉर्मरवरचा भार उतरतो, भार उतरला की त्याचे व्होल्टेज थोडे चढते आणि ते उरलेल्या फिलामेंटच्या बल्बांना सोसावे लागते. एलईडी घातल्यानंतर बाकीचे बल्ब झपाट्याने जाऊ लागले तर हेच कारण असते. व्होल्टेज पुन्हा मोजावे आणि जरुरीप्रमाणे टॅपिंग एक पायरी वर न्यावे.

फ्लॅशरच्या बाबतीत ८९ क्रमांकाचा बल्ब १३ व्होल्ट आणि ०.५८ अँपिअरचा आहे, म्हणजे साडेसात वॅटचा. त्याचे जाड टोपण मोटारसायकलच्या इंडिकेटरच्या १२ व्होल्ट १० वॅटच्या बल्बसारखेच असते आणि अडीनडीला तो चालून जातो. ५ वॅटचा मिळाला तर उजेड कमी, पण धोका काहीच नाही. ब्रेक लाइटचा २१ वॅटचा एकेरी बल्बही त्याच होल्डरमध्ये बसतो, आणि तो कधीही घालू नये, कारण पावणेदोन अँपिअर ओढून तो बोर्डावरचा ट्रान्झिस्टर घेऊन जातो. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की फ्लॅशर झगमगण्याऐवजी अखंड जळतो आणि त्यावरची प्लॅस्टिकची घुमटी काही मिनिटांत वितळू लागते. मशीन सुरू करताच एखादा फ्लॅशर पेटून तसाच राहिला तर प्लग आधी काढावा, बल्बचा विचार नंतर करावा.